डाव्या खिडकीतला हात

गजा,

परवा गच्चीवर तुझ्यासाठी सगळे जमले होते. सतरंज्या घातल्या होत्या, टेबलावर तुझा फोटो. तोच, नलूच्या गॅदरिंगला गेला होतास तेव्हाचा, ज्यात तुझी कॉलर एका बाजूने आत मुडपली आहे. फोटोतसुद्धा ती सरळ करावी असं मला वाटत होतं. चेअरमन उभे राहिले, चांगलं बोलले. तू गणपतीत आरतीला झांजा कशा वाजवायचास, कुणाच्या घरी काही झालं की पहिला कसा हजर व्हायचास, सगळं सांगितलं. मग म्हणाले, "आणि आपल्या श्रीपादरावांचा मोठेपणा बघा. स्वतःच्या गाडीतून त्यांनी गजाननरावांना किती वर्षं फिरवलं!"

लोकांनी माना डोलावल्या. दोघातिघांनी वळून माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. शालनवहिनी समोरच बसल्या होत्या. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडून दिलं. तुझी नलू सरळ माझ्याकडे बघत होती.

मी उठून काही बोललो नाही. मागे एकदा याच माणसांसमोर एक शब्द बोललो होतो, तो खोटा होता. या वेळी खऱ्याची पाळी आली तर तोंडच उघडलं नाही.

आता सेक्रेटरीने गणपतीच्या स्मरणिकेसाठी तुझ्यावर चार ओळी मागितल्या आहेत. चार ओळींत हे बसणार नाही. पण जे छापायचं ते आधी लिहून टाकतो. ती गाडी माझी नव्हती. आपली होती. अर्धी तुझी, अर्धी माझी, पहिल्या दिवसापासून.

तुला आठवतं, मालाडच्या त्या दातांच्या डॉक्टरांकडे आपण ती बघायला गेलो होतो? राखाडी रंग, गोल पाठ, पुढच्या सीटचं रेक्झिन फाटलेलं. मी कचेरीतला हेडक्लार्क, तू गिरणीत साच्यांवर कापड विणणारा. गाडी घेणाऱ्यांची तोंडं आपली नव्हतीच. डॉक्टर इंजिनाबद्दल सांगत होते, मी समजल्यासारखं हं हं करत होतो, आणि तू गंभीरपणे विचारलंस, "डॉक्टर, हेच्यातून मासे न्हेलेले चलतीत मां?" डॉक्टर शाकाहारी. त्यांचा चेहरा बघून मी खोकल्याचं नाटक केलं. कागदावर कोणाचं नाव घालायचं विचारल्यावर तू म्हणालास, "शिरपादचां घाला. माका सही करूचो कंटाळो." इतकंच. त्यावर आपण दोघांनी पुन्हा कधी विचारसुद्धा केला नाही.

चालवायला तूही शिकणार होतास. जुहूच्या बाजूला एक मोकळं मैदान होतं, तिथे मी तुला बसवलं. गाडी सुरू झाली, सरळ गेली, सरळच जात राहिली, आणि शेवटी क्रिकेट खेळणाऱ्या पोरांच्या स्टंपांवरून जाऊन थांबली. पोरं शिव्या घालत आली. तू खाली उतरलास, स्टंप उचलून त्यांच्या हातात दिलेस आणि मला म्हणालास, "पाय दोन नि पायाखाली तीन. ह्यां माका जमाचां नाय. तू चालव, मी बाजूक बसतंय." आणि आयुष्यभर बाजूला बसलास.

नुसता बसला नाहीस. गाडीचा डावा दिवा, वळताना लुकलुकणारा, घेतला तेव्हापासून बंद होता. उजव्या वळणाला मी दिवा लावायचो, डाव्या वळणाला तू हात बाहेर काढायचास. नुसता काढायचा नाहीस, मागच्या ट्रकवाल्याला दटावल्यासारखा सगळा पंजा उघडून धरायचास. वर "ए बाबा, थांब जरा, आमी वळतांव!" असं ओरडायचास. एस. व्ही. रोडवर लोक बघायचे. सुमन मागच्या सीटवरून म्हणायची, "अहो, तो दिवा एकदा करून घ्या ना." मी म्हणायचो, करू. तू म्हणायचास, "वैनी, मग माका काय काम ऱ्हवतलां?" आपण हसायचो. दिवा कधी केला नाही.

किल्लीची जागाही तूच ठरवलीस. दुसऱ्या मजल्यावर आपली दारं समोरासमोर, मधल्या भिंतीवर तू खिळा ठोकलास. तुझ्या दाराच्या चौकटीला नाही, माझ्याही नाही, बरोबर मध्ये. ज्याला लागेल त्याने घ्यावी. बिल्डिंगमधल्या कोणालाही गाडी लागली की तो आधी तुझं दार वाजवायचा, कारण तू नाही म्हणायचा नाहीस. मग तू माझं वाजवायचास, कारण चालवणारा मी. तळमजल्यावरच्या आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, तिसऱ्या मजल्यावरच्या पोराचा मोडलेला हात, कोणाची बोर्डाची परीक्षा, सगळं त्या गाडीने केलं. दसऱ्याला तिला दोन हार असायचे, एक तुझ्या घरचा, एक माझ्या घरचा. "लग्नात नवऱ्यालासुद्धा एकच असतो," असं कोणीतरी म्हणायचंच.

एकदा वांद्र्याला हवालदाराने अडवलं. खिडकीतून हात का काढता म्हणून. मग दरडावून विचारलं, "गाडी कोणाची?" आपण दोघं एकदम म्हणालो, "आमची." तो म्हणाला, "भाऊ भाऊ का?" तू म्हणालास, "नाय, शेजारी." त्याने टोपी मागे सारून आपल्याकडे पाहिलं आणि सोडून दिलं. तो 'गाडी कोणाची' आणि ते 'आमची' मला नंतर फार छळणार होतं.

मग ती नवी छोटी गाडी रस्त्यावर आली. पांढरी, लाल, निळी. बिल्डिंगमधली पोरं, जी बादल्या घेऊन आपली गाडी धुवायला भांडायची, ती आता मोठी झाली होती, नोकऱ्यांना लागली होती. रविवारी सकाळी कंपाउंडमध्ये उभी राहून त्यांच्या गप्पा चालायच्या. कोणाचं बुकिंग कधी लागणार, कॅसेट प्लेअर कुठून बसवायचा, काचेवर काय लिहायचं. आपल्या तरुणपणी गाडी म्हणजे डॉक्टरची, शेटची. आपण ती घेतली तेव्हासुद्धा ती चैन आपली एकट्याची आहे असं वाटलं नव्हतं. या पोरांना वाटत होतं. त्यात चूक काय होतं ते मला तेव्हाही नीट सांगता आलं नाही.

आमचा सुधीर अंधेरी पूर्वेच्या एमआयडीसीत कामाला लागला होता. एकदा तुझ्यासमोरच म्हणाला, "काका, रागावू नका, पण अर्धी गाडी म्हणजे काय हो? ऑफिसात सांगायला लाज वाटते यार. अर्धं लग्न करतं का कोणी?"

तू म्हणालास, "मेल्या, गाडी काय बायको आसा? बायकोक शेजाऱ्यान मागल्यान तर मी पण देवचंय नाय."

सुधीरला हसू आवरलं नाही. पण तो गेल्यावर तू मला म्हणालास, "शिरपाद, ह्या पोरांक गाडी चालवूक नको, ठेवूक होयी." मी म्हणालो, तू जुन्या काळातला माणूस आहेस. तू म्हणालास, तू पण. त्यावरून आपला वाद झाला. मी म्हणत होतो, पोरांनी स्वतःचं काही घ्यावं, स्वतःचं म्हणावं, यात वाईट काय? तू म्हणत होतास, घेऊ देत की, पण लाज कसली? तो वाद आपला कधी संपलाच नाही. चहा आला आणि राहिला.

त्या पोरांत तुझी नलू वेगळी होती. तिला गाडी घ्यायची नव्हती, चालवायची होती. सुधीरला म्हणाली, "तू ठेव रे तुझी गाडी चादर घालून. मला स्टिअरिंग दे." तू किती वेळा मला म्हणालास, "पोरीक शिकव रे. माझे पाय चुकले, तिचे बरोबर आसत." आणि मी किती वेळा म्हणालो, परीक्षा होऊ दे, पावसाळा जाऊ दे, क्लच जरा जड झालाय. खरं कारण तुला आज सांगतो. नलू शिकली असती तर गाडीवर तुमच्याकडचाही एक ड्रायव्हर झाला असता. तोवर तुझ्या अर्ध्याला माझे पाय लागत होते. तिला येऊ लागलं असतं तर ते लागले नसते. हे मी तेव्हा स्वतःलाही असं सांगितलं नव्हतं. पण क्लच जड नव्हता.

त्याच सुमारास गिरणी गेली. संपानंतर तुला परत बोलावलंच नाही. तू औषधांच्या एका गोदामात लागलास. उंबरठ्यावर बसून आधीसारखाच हसायचास, पण बिल्डिंगमध्ये नवे आलेले लोक मला श्रीपादराव म्हणायचे आणि तुला नुसतं गजानन. मला ते कानाला खटकलं नाही, हे आता खटकतं.

आणि मग सोसायटीची ती सभा. कंपाउंडमध्ये गाड्या वाढत होत्या, पिवळे पट्टे मारून जागा वाटायच्या ठरल्या. नवा सेक्रेटरी तरुण, हुशार, भराभर बोलणारा. प्रत्येक गाडीमागे एक मेंबर, एक जागा. आपल्या गाडीपाशी येऊन तो थांबला. "ही जुनी राखाडी गाडी कोणाची? म्हणजे एकाच मेंबरची ना? दोन फ्लॅटमध्ये मिळून असेल तर जागेचं बघावं लागेल, नियमात बसत नाही."

तू माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसला होतास. तुझं तोंड उघडलेलं मी पाहिलं. "आमची" म्हणायला तू पुढे झाला होतास. आणि तू म्हणायच्या आत मी म्हणालो, "माझी."

सेक्रेटरी पुढच्या गाडीकडे वळला. तू तोंड मिटलंस, रुमाल काढून कपाळ पुसलंस. जिना चढताना मागून म्हणालास, "बरां केलंस. जागा तरी गावली."

त्या वेळी मी वळून बोललो असतो तर सगळं सुधारलं असतं. नियमासाठी म्हणालो रे, मनातून नाही, असं नुसतं म्हटलं असतं तरी. नियमासाठी म्हटलं हे अर्धंच खरं होतं, म्हणून तोंडातून निघालं नाही. उरलेलं अर्धं असं की तो शब्द म्हणताना मला बरं वाटलं होतं. भर सभेत, त्या सगळ्या पोरांसमोर. तुझ्याशी वाद घालताना मी नुसती पोरांची बाजू मांडतोय असं समजत होतो, आणि त्यांचीच हौस माझ्या पोटात होती.

तू काय केलंस? दुसऱ्या दिवसापासून जो विचारेल त्याला सांगितलंस, "गाडी शिरपादचीच. मी आपलो बाजूक बसून मिरवत होतंय." इतकं सहज, इतकं हसत की लोकांना ते खरं वाटलं. ज्याला चालवता येत नाही, ज्याची गिरणी गेली, त्याची अर्धी गाडी असते यावर कोणाचा विश्वास बसणार होता? जुन्या माणसांनाही हळूहळू तसंच आठवायला लागलं. माझी अब्रू राखायला तू स्वतःचा भाग हसून पुसून टाकलास, आणि मी पुसू दिला. त्या दसऱ्याला गाडीला एकच हार होता. किल्ली मी घरात आणली. खिळा भिंतीवर तसाच राहिला. तू त्यावर कधी साधी पिशवीसुद्धा अडकवली नाहीस.

याच्याहूनही एक लाजिरवाणी गोष्ट आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांत मी डावा दिवा दुरुस्त करून घेतला. तू आता बाजूला बसणार नाहीस हे मी धरूनच चाललो होतो. एका संध्याकाळी मी आपल्या गल्लीत वळत होतो, दिवा लुकलुकत होता, आणि कोपऱ्यावर तू, हातात भाजीची पिशवी. तू मागे सरकून गाडीला जागा दिलीस. खिडकीशी वाकून म्हणालास, "झकास झालो रे दिवो." मी म्हणालो, "हो, करून घेतला एकदाचा." आणि आत वळलो. आरशात दिसलं, तू तिथेच उभा होतास. तुझा रिकामा हात जरासा वर उचललेला होता. निरोपाला की सवयीने, मला कळलं नाही.

आपलं बोलणं बंद झालं नाही. सणाला ताटं यायची जायची. पण गाडीचं नाव तू काढलं नाहीस आणि तिच्यात कधी बसलाही नाहीस. मी म्हणायचो, चल, सोडतो. तू म्हणायचास, "बस बरी. उंच बसाक गावता." तुला हॉस्पिटलात न्यायची वेळ आली त्या दुपारी आरडाओरडा ऐकून सुधीर किल्ली घेऊन धावला. वहिनी जिन्यात होत्या. म्हणाल्या, "नको रे बाळा, रिक्षा आलीय खाली." त्या रागाने बोलल्या नाहीत. रागाने बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मी गॅलरीतून पाहिलं, रिक्षात तू मध्ये, एका बाजूला वहिनी, एका बाजूला नलू, आणि शेजारी आपली गाडी पिवळ्या पट्ट्यांत धुवून पुसून उभी.

हॉस्पिटलात मी रोज यायचो, पण खोलीत नेहमी कोणीतरी असायचं आणि मला ते बरंच वाटायचं. एकदा कोणी नव्हतं. तू डोळे मिटून होतास, तसाच म्हणालास, "शिरपाद, एकदा मनोरीक जावया रे. मार्व्याक गाडी लावन्, होडयेतसून. बोंबील आणूक." मी म्हणालो, "आधी बरा हो." किती सोपं वाक्य. त्याआधी जे म्हणायचं होतं ते त्याच्याआड लपलं. तू डोळे उघडून माझ्याकडे पाहिलंस. वाट बघत होतास का? मग नर्स आली.

आणखी एक सुधारायचं आहे. तुझी-माझी भागीदारी का तुटली असं नातेवाइकांनी विचारलं की मी सुधीरच्या माथी मारत आलो. आजची मुलं, त्यांना वाटून घेतलेलं चालत नाही, वगैरे. तू गेल्यावर दोनच दिवसांनी मी पाहुण्यांसमोर पुन्हा तेच म्हणालो. ते गेल्यावर सुधीर म्हणाला, "बाबा, मी बोललो होतो, नाही म्हणत नाही. मला लाज वाटायची, खरं आहे. पण म्हणून तर मी नवी बुक केली होती ना? ही तुम्हा दोघांकडेच राहू दे म्हणणार होतो. सभेत 'माझी' म्हणा असं मी कुठे सांगितलं होतं? विचारलंत तरी का मला?"

विचारलं नव्हतं. सुमन आतून ऐकत होती. ती म्हणाली, "आता तरी दार उघडा आणि समोर जा."

गेलो. तेराव्यानंतर, किल्ली मुठीत घेऊन. नलूने दार उघडलं. मी म्हणालो, "नलू, ही घे. गाडी तुझ्या बाबांची होती. आता तुझी."

तिने हात पुढे केला नाही. "मला गाडी नको, काका."

"अर्धी तरी घे."

"अर्धीपण नको. ठेवायची कुठे आणि कशाला? मला हवी होती तेव्हा मालकी नको होती, काका. तुमच्या शेजारी बसून शिकायचं होतं." मग म्हणाली, "लायसन आहे माझ्याकडे. बाबांनी क्लासला घातलं होतं मला, त्या सभेनंतर. म्हणाले, गो बाय, शिकून ठेव, पण किल्ली मागूक जाव नको. देतलो तो, त्याका सवड लागता."

गजा, तुला माझ्यावर इतका भरवसा होता हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर!

मी बाहेर आलो आणि किल्ली खिळ्यावर अडकवली. खिळा गंजला होता, पण पक्का होता. वहिनी दारात येऊन बघत होत्या. मग आत गेल्या.

काल रविवारी सकाळी नलूने आमचं दार वाजवलं. किल्ली तिच्या हातात होती. "काका, चला. मनोरीला." मी सवयीने उजव्या बाजूला निघालो. ती म्हणाली, "तिकडे नाही." मी वळसा घालून डावीकडे, तुझ्या जागेवर बसलो. इतक्या वर्षांत मी त्या सीटवर कधी बसलो नव्हतो. तिथे रेक्झिनला तुझ्या अंगाचा खड्डा पडला आहे. माझ्यासाठी तो मोठा होतो.

नलू छान चालवते रे. तिचे पाय चुकत नाहीत. जोगेश्वरी, गोरेगाव गेलं. मालाडला मार्व्याचं वळण आलं. तिने दिवा लावला. डावा. टिक टिक ऐकू येत होतं. मी काच खाली केली आणि हात बाहेर काढला, सगळा पंजा उघडून.

"काका, दिवा लागतोय," नलू म्हणाली.

"लागू दे," मी म्हणालो.

मागचा ट्रकवाला थांबला. आपण वळलो.